यकृतातील २.८ सेंटिमीटरची गाठ: प्रतिमांवरून बांधलेला एमव्हीआयचा अंदाज आणि त्याने बदललेला निर्णय

यकृताच्या कर्करोगात गाठ किती मोठी आहे आणि कोणत्या भागात आहे, हे शस्त्रक्रियेआधी सांगणे आता फारसे अवघड राहिलेले नाही. ती आपल्या कडेबाहेरच्या बारीक रक्तवाहिन्यांत शिरली आहे की नाही (अशा शिरकावाला एमव्हीआय म्हणतात), हे मात्र ती काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यावरच खात्रीने कळते, आणि तोपर्यंत कोणता उपचार करायचा हा निर्णय होऊन गेलेला असतो. पुढील प्रकरण याच अडचणीविषयी आहे. नागपूर परिसरातून उपचारासाठी येणाऱ्या रुग्णांचे चित्र डोळ्यांसमोर ठेवून ते अध्यापनासाठी रचलेले आहे. ही कोणा एका रुग्णाची हकिकत नाही, त्यामुळे रुग्णाचे वय, तपासण्यांचे आकडे आणि मोजमापे प्रातिनिधिक म्हणूनच वाचावीत. वैद्यकीय आधार म्हणून दिलेली माहिती मात्र प्रत्यक्षातली आहे.

रुग्ण आणि पहिला स्कॅन

काटोल तालुक्यातील ५८ वर्षांचे एक संत्रा बागायतदार पोटाच्या वरच्या भागातील किरकोळ दुखण्यासाठी सोनोग्राफीला गेले आणि यकृताच्या उजव्या भागात गाठ दिसली. काही वर्षांपूर्वी रक्तदान शिबिरात त्यांना कावीळ ब असल्याचे कळले होते. सुरुवातीला त्यांनी गोळ्या घेतल्या आणि त्रास काहीच नसल्याने पुढे त्या सोडून दिल्या. अशा रुग्णाची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि रक्तातील अल्फा-फीटोप्रोटीन या यकृत-कर्करोगाच्या खुणेची तपासणी व्हायला हवी असते. ती झालेली नव्हती. दारू नाही, मधुमेह गोळ्यांवर नियंत्रणात आहे.

बिलिरुबिन ०.९, अल्ब्युमिन ३.९, आयएनआर १.१, पोटात पाणी नाही, मेंदूवर परिणाम नाही. म्हणजे यकृताची कार्यक्षमता मोजणाऱ्या चाइल्ड-प्यू वर्गवारीत ‘ए’, अर्थात सर्वांत चांगली. प्लेटलेट १ लाख ४२ हजार. एंडोस्कोपीत अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा नाहीत. अल्फा-फीटोप्रोटीन १८६. यकृत कडक झालेले आहे, पण काम व्यवस्थित करते आहे, आणि पोर्टल व्हेनमधील (आतड्यांकडून यकृतात रक्त आणणाऱ्या शिरेतील) दाब शस्त्रक्रियेला आडवा येईल इतका वाढलेला नाही.

सोबत आणलेल्या तीन टप्प्यांच्या सीटी स्कॅनमध्ये सहाव्या सेगमेंटमध्ये, म्हणजे यकृताच्या ठरावीक विभागांपैकी एकात, २.८ सेंटिमीटरची एकच गाठ होती. कॉन्ट्रास्ट (प्रतिमा उठून दिसण्यासाठी शिरेतून दिलेले द्रव्य) धमनीत असतानाच्या टप्प्यात ती उजळ दिसत होती आणि पोर्टल टप्प्यात भोवतालच्या यकृतापेक्षा काळवंडत होती. कावीळ ब असलेल्या रुग्णात २ सेंटिमीटरहून मोठ्या गाठीत ही दोन लक्षणे स्पष्ट असली, तर यकृतातील गाठींची प्रतिमांवरून श्रेणी ठरवणाऱ्या लाय-रॅड्स पद्धतीनुसार तिला पाचवी श्रेणी मिळते आणि बायोप्सी न करताही हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमा (यकृतपेशींचा कर्करोग) हे निदान मान्य होते. मोठ्या रक्तवाहिन्या मोकळ्या होत्या आणि छातीच्या स्कॅनमध्ये काही नव्हते. निदानाचा भाग येथेच संपला.

खरा प्रश्न उपचाराचा होता, कारण या गाठीसाठी तीन मार्ग वैद्यकीयदृष्ट्या समर्थनीय होते. पहिला मार्ग मायक्रोवेव्ह ॲब्लेशनचा: त्वचेतून सुई घालून गाठ जाळायची आणि दोन दिवसांत घरी पाठवायचे. दुसऱ्यात गाठीभोवती थोडे निरोगी यकृत ठेवून पाचरीच्या आकाराचा तुकडा काढायचा. तिसऱ्या मार्गाने सहाव्या सेगमेंटला रक्त नेणारी पोर्टल शाखा मुळाशी बंद करून तो अख्खा सेगमेंट काढायचा. रुग्णाचा आणि कुटुंबाचा कल साहजिकच पहिल्याकडे होता, आणि गाठ ३ सेंटिमीटरच्या आत असल्याने त्यात गैर काहीच नव्हते.

एमव्हीआय या निवडीत कोठे बसतो

गाठीच्या कडेबाहेर, आतून एंडोथेलियमचे अस्तर असलेल्या बारीक रक्तवाहिनीच्या पोकळीत कर्करोगाच्या पेशींचा पुंजका सापडणे, याला मायक्रोव्हॅस्क्युलर इन्व्हेजन किंवा बोलीत एमव्हीआय म्हणतात. यकृताच्या कर्करोगाच्या गाठीतून बाहेर पडणारे रक्त मुख्यतः भोवतालच्या बारीक पोर्टल शाखांत उतरते. त्यामुळे तेथून निसटलेल्या पेशी दूर फुप्फुसात जाण्याआधी त्याच शाखेच्या पुरवठ्याखाली असलेल्या यकृतात पसरण्याची शक्यता अधिक असते. सेगमेंट मुळापासून काढण्यामागचा तर्क हाच आहे: केवळ गाठ नव्हे, तर तिची पेशी जेथपर्यंत वाहत जाऊ शकते तो सगळा पाणलोट काढून टाकायचा. जपानमध्ये माकुची यांनी १९८० च्या दशकात ही पद्धत रूढ केली.

शस्त्रक्रियेने काढलेल्या गाठींत एमव्हीआय सापडण्याचे प्रमाण वेगवेगळ्या मालिकांत साधारण १५ ते ५७ टक्के असे दिलेले आढळते. इतकी तफावत येण्याचे एक कारण रुग्णांतील फरक, आणि दुसरे, ज्याचा उल्लेख फार कमी होतो, ते म्हणजे पॅथॉलॉजिस्टने गाठीच्या कडेचे किती तुकडे घेतले हे. दोन तुकडे पाहून ‘एमव्हीआय नाही’ असे लिहिलेला अहवाल आणि सर्व बाजूंचे तुकडे पाहून तेच लिहिलेला अहवाल यांची किंमत सारखी नसते. ज्या गणिती मॉडेलना आपण अचूक म्हणतो, ती सगळी याच अहवालांना अंतिम सत्य मानून शिकलेली असतात.

शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षांत यकृताच्या कर्करोगाचे पुनरुद्भवन होण्याचे प्रमाण ७० टक्क्यांपर्यंत जाते आणि एमव्हीआय हे त्याच्या प्रमुख कारणांपैकी एक आहे. रुंद कड ठेवून गाठ काढण्याचा फायदा होतो का, यावर ग्वांगझूमधून २००७ मध्ये एक यादृच्छिक चाचणी प्रसिद्ध झाली. तीत एकच गाठ असलेल्या रुग्णांमध्ये २ सेंटिमीटर कडेचे उद्दिष्ट ठेवलेल्या गटाची वाटचाल १ सेंटिमीटरच्या गटापेक्षा चांगली होती. सेगमेंट काढणे आणि पाचर काढणे यांच्या तुलनेचा पुरावा मात्र बहुतांशी मागे वळून केलेल्या अभ्यासांचा आहे, आणि अशा अभ्यासांत चांगल्या यकृताच्या रुग्णांना मोठी शस्त्रक्रिया मिळालेली असते. म्हणून ‘एमव्हीआय असेल तर सेगमेंट काढावाच’ असे विधान करणे धाडसाचे होईल. ‘एमव्हीआयची शक्यता मोठी असेल आणि यकृत झेपवू शकत असेल, तर सेगमेंट काढण्याकडे पारडे झुकते’ इतके म्हणता येते.

बायोप्सी करून हे आधीच का पाहू नये, असे कुटुंबातील शिकलेल्या मुलाने विचारले आणि तो प्रश्न योग्यच होता. सुईने मिळणारा धागा गाठीच्या आतला असतो, तर एमव्हीआय कडेबाहेर विखुरलेला असतो. सुईच्या वाटेत तो सापडणे योगायोगाचे काम आहे. शिवाय सुईच्या मार्गावर पेशी रुजण्याचा धोका थोडा असला तरी शून्य नाही. ॲब्लेशनची गोष्ट आणखी वेगळी आहे. तेथे गाठ जळून जाते आणि नमुनाच उरत नाही, त्यामुळे एमव्हीआय होता की नव्हता हे नंतरही कधी कळत नाही.

दुसऱ्यांदा काढलेल्या प्रतिमा

सोबतच्या सीटीवरून कडेविषयी काही बोलण्यास रेडिओलॉजिस्टने नकार दिला, आणि या प्रकरणातील सर्वांत उपयोगी निर्णय कदाचित तोच होता. निदानासाठी तो स्कॅन पुरेसा होता. पण त्याचे काप ५ मिलिमीटर जाडीचे होते, म्हणजे २.८ सेंटिमीटरची गाठ जेमतेम पाच-सहा कापांत संपत होती. धमनी टप्पाही लवकर घेतला गेला होता: यकृताची धमनी पांढरी झालेली, पण पोर्टल व्हेन अजून कोरी. उशिराच्या धमनी टप्प्यात पोर्टल व्हेनमध्ये थोडे कॉन्ट्रास्ट यायला हवे आणि यकृतातून बाहेर जाणाऱ्या शिरा अजून भरलेल्या नसाव्यात. गाठीभोवतीचा बारीक उजळपणा त्याच काही सेकंदांत दिसतो. तालुक्याहून किंवा शेजारच्या बालाघाट-छिंदवाड्याकडून प्लास्टिकच्या पिशवीत फिल्म घेऊन येणाऱ्या रुग्णांबाबत ही अडचण नेहमीचीच आहे. त्यात कोणाचा हलगर्जीपणा असतो असे नाही. पोटदुखीचे कारण शोधण्यासाठी केलेला स्कॅन त्या कामापुरताच केलेला असतो.

म्हणून गॅडोक्सेटिक आम्ल हे कॉन्ट्रास्ट वापरून एमआरआय करायचे ठरले. या द्रव्याचा सुमारे अर्धा भाग मूत्रपिंडांऐवजी यकृताच्या पेशी शोषून घेतात आणि पित्तात टाकतात. इंजेक्शननंतर साधारण २० मिनिटांनी, म्हणजे हिपॅटोबिलिअरी टप्प्यात, काम करणारे यकृत उजळ दिसते आणि ज्या पेशी ते आत घेऊ शकत नाहीत तो भाग काळा राहतो. ६२ किलो वजनासाठी ६.२ मिलिलिटर इतकी मात्रा लागते. ती नेहमीच्या कॉन्ट्रास्टपेक्षा कमी असल्याने धमनी टप्प्याची वेळ चुकण्याची शक्यता वाढते. शिवाय काही रुग्णांना नेमक्या याच टप्प्यात क्षणभर श्वास रोखता येत नाही आणि प्रतिमा हलते. या रुग्णाकडून तंत्रज्ञाने आधी पाच-सहा वेळा श्वास रोखण्याचा सराव करून घेतला, इंजेक्शन सेकंदाला १ मिलिलिटर या सावकाश गतीने दिले आणि एकाच श्वासात धमनी टप्प्याच्या लागोपाठ तीन प्रतिमा घेतल्या. त्यांतील दुसरी नेमकी हव्या त्या वेळेची निघाली. अंदाजाच्या अचूकतेवर लिहिताना आपण संगणकाविषयी पानेच्या पाने लिहितो आणि या तंत्रज्ञाविषयी एक ओळही लिहीत नाही.

एमआरआयवर तीन गोष्टी शोधायच्या होत्या, आणि तिन्हींमागे एकच यंत्रणा मानली जाते. कडेजवळची बारीक पोर्टल शाखा कर्करोगाच्या पेशींनी तुंबली, तर तेथे पोर्टल रक्त कमी पोहोचते आणि त्याची भरपाई म्हणून धमनीचे रक्त वाढते. धमनी टप्प्यात गाठीबाहेर चंद्रकोरीसारखा उजळ पट्टा दिसतो तो यामुळे. त्याच भागातील यकृतपेशींची कॉन्ट्रास्ट आत घेण्याची क्षमताही घटते, म्हणून हिपॅटोबिलिअरी टप्प्यात गाठीबाहेर काळसर पट्टा दिसतो. तिसरी गोष्ट गाठीच्या कडेचा आकार. सरळ गोल कडेऐवजी एखाद्या बाजूला कोंब फुटल्यासारखा उंचवटा असेल, तर ती तेथे वेष्टन फोडून बाहेर पडत असावी. २०१७ मध्ये दक्षिण कोरियातून प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या तीनपैकी किमान दोन खुणा एकत्र असल्यास एमव्हीआयबाबतची विशिष्टता (एमव्हीआय नसलेल्यांना बरोबर वगळण्याचे प्रमाण) ९० टक्क्यांहून अधिक आढळली होती. मात्र संवेदनशीलता (एमव्हीआय असलेल्यांना पकडण्याचे प्रमाण) तेवढी नव्हती. सोप्या शब्दांत, दोन खुणा दिसल्या तर त्या गांभीर्याने घ्याव्यात, न दिसल्या तर निर्धास्त होऊ नये.

प्रतिमा दोन रेडिओलॉजिस्टनी एकमेकांचे मत न पाहता वाचल्या. गाठीच्या मागच्या-आतल्या बाजूचा उंचवटा दोघांनीही नोंदवला. हिपॅटोबिलिअरी टप्प्यातील काळसर पट्टाही दोघांना त्याच बाजूला दिसला. धमनी टप्प्यातील उजळ पट्ट्यावर मात्र त्यांचे जमले नाही. एकाच्या मते गाठीच्या पुढच्या बाजूला तो होता; दुसऱ्याच्या मते तो यकृताच्या पृष्ठभागाकडे रुंद होत जाणारा त्रिकोण असल्याने धमनी आणि पोर्टल शाखा यांमधील निरुपद्रवी जोड होता, जो कडक झालेल्या यकृतात अनेकदा दिसतो. मतभेद मिटवण्यासाठी तिसरे मत घेण्याऐवजी अहवालात तो मतभेदच लिहिला गेला: दोन खुणा निश्चित, तिसरी विवाद्य.

रेडिओमिक्सचा आकडा

विभागात संशोधनापुरते वापरले जाणारे एक रेडिओमिक्स मॉडेल होते. अशा पद्धतीत आधी प्रत्येक कापावर गाठीची कड आखतात, बहुधा तिच्याबाहेर ५ किंवा १० मिलिमीटरची कडीही धरतात, आणि मग सॉफ्टवेअर त्या घनफळातील प्रत्येक ठिपक्याच्या तीव्रतेवरून शेकडो मापे काढते: तीव्रतेचे वितरण, आकार, शेजारच्या ठिपक्यांतील साम्य-विषमता, सलग सारख्या पट्ट्यांची लांबी वगैरे. त्यांतील मोजकी निवडून एक शक्यता सांगणारे सूत्र बनवले जाते. डोळ्याला न जाणवणारा पोत मोजता येतो, हे या पद्धतीचे खरे बळ. सीटीवर आधारलेल्या अशा विश्लेषणांची चर्चा २००७ पासून सुरू आहे, जेव्हा गाठीच्या स्कॅनमधील काही दृश्य गुण आणि तिच्यातील जनुकांचे वर्तन यांचा संबंध दाखवला गेला. २०१९ मध्ये चीनमधील ४९५ शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या सीटीवर केलेल्या अभ्यासाने या विषयाला मोठी चालना दिली.

या रुग्णाच्या सोबत आणलेल्या सीटीवर मॉडेलने एमव्हीआयची शक्यता ०.३८ दिली. दुसऱ्या वाचकाने गाठीची कड नव्याने आखल्यावर तीच शक्यता ०.५२ झाली. दोन आखण्यांत फरक कोठे होता हे पाहिले, तर तो कडेवरच्या त्या उंचवट्यापाशीच होता: एकाने तो गाठीत धरला होता, दुसऱ्याने बाहेर ठेवला होता. म्हणजे ज्या प्रश्नाचे उत्तर आपण यंत्राकडून मागत होतो, तो प्रश्न कड आखणाऱ्या माणसाने आधीच आपल्या परीने सोडवलेला होता.

याहून मोठी अडचण कापांच्या जाडीची होती. मॉडेल १ मिलिमीटर बाजूच्या घनांवर चालते, त्यामुळे ५ मिलिमीटरचे काप संगणकाने मधल्या प्रतिमा कल्पून भरून काढले. पण दोन कापांमध्ये जे टिपलेच गेले नाही, ते गणिताने निर्माण होत नाही. पोत मोजणाऱ्या मापांवर अशा भरतीचा सर्वाधिक परिणाम होतो. धमनी टप्प्याची वेळ आणि प्रतिमा पुनर्रचनेची पद्धत वेगळी असली तरी मापे बदलतात. म्हणून हा आकडा अहवालात नोंदवला गेला, पण निर्णयाच्या चर्चेत त्याला वजन दिले गेले नाही. मला हे योग्य वाटते. आकडा ०.८ आला असता तरी तो याच कारणांनी बाजूला ठेवायला हवा होता, आणि तेव्हा तसे करणे अधिक अवघड गेले असते.

विदर्भात या मॉडेलचा वापर करताना आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागेल. बहुतेक मॉडेल पूर्व आशियातील कावीळ ब असलेल्या रुग्णांवर शिकलेली आहेत. या प्रकरणातील रुग्ण त्या वर्णनात बसतो, पण आपल्याकडे दारू आणि चरबीयुक्त यकृतातून होणारा कर्करोगही आहे, आणि यकृतात चरबी असेल तर पार्श्वभूमीचाच रंग बदलतो. पूर्व विदर्भात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे; वारंवार रक्त चढवलेल्या अशा रुग्णाच्या यकृतात लोह साठले असेल, तर एमआरआयवर अख्खे यकृत काळे पडते आणि गाठीबाहेरच्या काळसर पट्ट्याला अर्थच उरत नाही. असे रुग्ण नसलेल्या माहितीवर शिकलेल्या सूत्राला ते ओळखू येणार नाहीत.

शक्यतेचे गणित आणि ट्यूमर बोर्ड

ट्यूमर बोर्डात, म्हणजे वेगवेगळ्या तज्ज्ञांच्या एकत्रित बैठकीत, चर्चा ‘एमव्हीआय आहे की नाही’ अशी न होता ‘शक्यता किती आणि तिने काय बदलते’ अशी झाली. ३ सेंटिमीटरखालच्या एकाच गाठीत एमव्हीआयची प्राथमिक शक्यता पाचात एक, म्हणजे २० टक्के धरली. दोन खुणा एकत्र दिसण्याच्या कसोटीची विशिष्टता ९२ टक्के आणि संवेदनशीलता ५० टक्के मानली. शंभर सारख्या रुग्णांचा विचार केला तर त्यांपैकी २० जणांना एमव्हीआय असेल आणि त्यांतल्या १० जणांत कसोटी होकार देईल. उरलेल्या ८० जणांत ती सुमारे ६ जणांबाबत चुकून होकार देईल. होकार मिळालेल्या सुमारे १६ जणांत १० खरे, म्हणजे शक्यता २० वरून साधारण ६० टक्क्यांवर गेली. नकार मिळालेल्या ८४ जणांतही मात्र १० जणांना एमव्हीआय असेलच. हीच कसोटी मोठ्या गाठीच्या, अधिक धोक्याच्या रुग्णात लावली तर होकाराची किंमत वाढते, आणि त्याहून लहान गाठीत लावली तर घटते. छापील अचूकता तीच राहूनही.

६० टक्के शक्यता पुरेशी आहे का, हे चुकीची किंमत काय यावर ठरते. अंदाज खोटा ठरला तर रुग्णाने थोडे अधिक यकृत आणि रुग्णालयातील काही दिवस गमावलेले असतील. अंदाज खरा असूनही ॲब्लेशन केले, तर जळालेल्या भागाबाहेर त्याच सेगमेंटमध्ये रोग मागे राहण्याचा धोका होता. या रुग्णात यकृताचे काम चांगले होते आणि सहावा सेगमेंट काढल्यावर उरणारे यकृत कडक यकृतासाठी मानल्या जाणाऱ्या ४० टक्क्यांच्या मर्यादेहून बरेच अधिक होते. हे गणित बिलिरुबिन २ असलेल्या, पोटात पाणी साठलेल्या रुग्णात उलट फिरले असते. तेथे ९० टक्के शक्यता असली तरी सेगमेंट काढणे शहाणपणाचे ठरले नसते.

इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टने ॲब्लेशनच्या बाजूने १ सेंटिमीटरपर्यंत कड जाळता येईल असे सांगितले. त्याचे म्हणणे खोडून काढण्यासारखे नव्हते. पारडे फिरले ते वयाने, यकृताच्या स्थितीने आणि पॅथॉलॉजीचा नमुना हाती राहील या मुद्द्याने. यकृत प्रत्यारोपणाचा विचार थोडक्यात झाला. एकच गाठ ५ सेंटिमीटरच्या आत असल्याने रुग्ण प्रत्यारोपणासाठीच्या १९९६ च्या मिलान निकषांत बसत होता, पण यकृत चांगले काम करत असताना तो मार्ग पुढच्यासाठी राखून ठेवणे सर्वांना मान्य होते.

एक गोष्ट बोर्डाने स्पष्ट नोंदवली: एमव्हीआयच्या अंदाजावरून शस्त्रक्रिया नाकारली जाणार नाही. हा अंदाज रोग पसरला असल्याचा पुरावा नसतो. योग्य मार्गांतील निवड करण्यापुरताच त्याचा उपयोग आहे.

रुग्णाला समजावताना हाच भाग सर्वांत अवघड गेला. “डॉक्टर साहेब, म्हणजे ते रक्तात गेलं का?” हा त्यांचा पहिला प्रश्न होता. हिपॅटॉलॉजिस्टने (यकृततज्ज्ञाने) उत्तर दिले, “काका, तसं दिसलेलं नाही. बारीक नळ्यांत शिरलं असण्याचा संशय आहे, खात्री नाही. संशय आहे म्हणून थोडा मोठा भाग काढू या असं आम्हाला वाटतं. सुईनं जाळणंही चुकीचं होणार नाही, ते तुम्ही निवडलंत तर आम्ही तेही नीट करू.” दोन दिवस विचार करून, मुलगा आणि थोरल्या भावाशी बोलून त्यांनी शस्त्रक्रिया निवडली. टेनोफोव्हिर हे कावीळ बवरील औषध त्याआधीच पुन्हा सुरू केलेले होते.

शस्त्रक्रिया आणि पॅथॉलॉजी

शस्त्रक्रियेत सहाव्या सेगमेंटची शाखा आधी बंद केली आणि शिरेतून इंडोसायनिन ग्रीन हे रंगद्रव्य दिले. रक्तपुरवठा असलेले यकृत विशेष प्रकाशात हिरवे चमकले आणि सहावा सेगमेंट काळा राहिला; त्याच सीमेवरून कापणी झाली. रक्त द्यावे लागले नाही आणि पुढील प्रवास सुरळीत झाला.

पॅथॉलॉजिस्टला एमआरआयचा अहवाल आधीच दिलेला होता, पण केवळ संशयित बाजूचे तुकडे घेऊ नयेत असेही सांगितले होते, नाहीतर शोध घेतल्यामुळे सापडले असा आक्षेप राहिला असता. चीनमधील मार्गदर्शनात सुचवलेल्या सात बिंदूंच्या पद्धतीने गाठ, गाठ आणि यकृत यांच्या सीमेवरील चार बाजू, जवळचे यकृत आणि दूरचे यकृत असे तुकडे घेतले गेले. गाठ मध्यम प्रतीची विभेदित होती, कापणीची कड १४ मिलिमीटरवर मोकळी होती. मागच्या-आतल्या बाजूला, गाठीपासून १ सेंटिमीटरच्या आत, दोन बारीक रक्तवाहिन्यांत पेशींचे पुंजके सापडले. पाच किंवा त्याहून कमी जागी आणि १ सेंटिमीटरच्या आत असल्याने श्रेणी एम१. पुढच्या बाजूला, जेथे एका रेडिओलॉजिस्टला उजळ पट्टा दिसला होता, तेथे एकही वाहिनी बाधित नव्हती. तो जोडच असावा.

अंदाज खरा ठरला म्हणून पद्धत सिद्ध झाली असे मानायचे कारण नाही. ६० टक्के शक्यतेच्या दहा रुग्णांत चार जणांना एमव्हीआय नसणारच, आणि हा रुग्ण त्या चारांतला निघाला असता तरी निर्णय तेवढाच योग्य राहिला असता. एका प्रकरणातून शिकता येते ते एवढेच, की वादग्रस्त खूण वादग्रस्त म्हणून लिहिली होती आणि नंतर तीच खोटी ठरली. ती जर ‘तिसरी खूणही हजर’ अशी मोजली गेली असती, तर अहवाल अधिक ठाम आणि कमी खरा झाला असता.

पुढचा मार्ग

एमव्हीआय सापडल्यावर पूरक औषध द्यावे का, हा प्रश्न आला. शस्त्रक्रियेनंतर सोराफेनिब देण्याची स्टॉर्म चाचणी २०१५ मध्ये निष्फळ ठरली. ॲटेझोलिझुमॅब आणि बेव्हॅसिझुमॅब यांच्या जोडीने केलेल्या आयएमब्रेव्ह०५० चाचणीत, जिच्या अतिधोक्याच्या निकषांत एमव्हीआय होता, २०२३ च्या पहिल्या विश्लेषणात पुनरुद्भवन लांबल्याचे दिसले. पुढच्या पाठपुराव्यात तो फायदा टिकला नाही. बोर्डाने पूरक औषध सुचवले नाही आणि त्यामागची कारणे कुटुंबाला लेखी दिली. टेनोफोव्हिर मात्र थांबवायचे नाही, हे कागदावर ठळक लिहिले, कारण विषाणूवर नियंत्रण ठेवण्याचा फायदा निर्विवाद आहे.

पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी कॉन्ट्रास्टसह स्कॅन आणि अल्फा-फीटोप्रोटीन, त्यानंतर दर सहा महिन्यांनी, असे वेळापत्रक ठरले. रक्ततपासणीसाठी काटोलहून नागपूरला येण्याची गरज नाही; रक्त तालुक्यातच तपासता येईल, स्कॅन मात्र प्रत्येक वेळी त्याच केंद्रात, त्याच कापजाडीने आणि त्याच टप्प्यांनी व्हावा, अशी चिठ्ठी फाइलला लावली आहे. तिच्या शेवटच्या ओळीत लिहिले आहे की फिल्मची प्रत चालणार नाही. डायकॉम स्वरूपातील मूळ प्रतिमांची सीडी किंवा पेनड्राइव्ह प्रत्येक भेटीला सोबत आणावा.